पोरीची डोकेदुखी

आमच्या स्वीडनमध्ये मूल आजारी पडलं की आईबापाला पगारी रजा मिळते, आणि सोमवारी सकाळी मुलं जरा जास्तच आजारी पडतात हे आम्हा परिचारिकांना चांगलं ठाऊक आहे. बायको वारल्यापासून तोरकेलने स्वतःसाठी एकही रजा घेतली नव्हती. त्यामुळे पाच वर्षांच्या लेकीचं, तूवाचं डोकं दुखतंय म्हणून तो तिला घेऊन सोमवारीच पुन्हा दवाखान्यात आला, तेव्हा मी डॉक्टर गुनहिल्डकडे बघून भुवई उडवली. बूट दाराशी काढून तो आत आला, तर दोन पायांत दोन वेगळे मोजे.

"डोळे तपासून झाले. ताप नाही, उलटी नाही, जेवते, पाणी पिते," गुनहिल्ड म्हणाली. "तोरकेल, खरं सांग बाबा, रजा हिला हवीय की तुला?"

"मला कशाला? मला काही झालेलं नाही," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "ती म्हणते दुखतंय, म्हणून मी घरी राहतो."

"आणि घरी काय करता गं तुम्ही दोघं?"

"पप्पा झोपतो," तूवा म्हणाली. "मी चित्रं काढते. आवाज न करता."

"गुणाची आहेस. आता एका बोटाने दाखव बघू, नेमकं कुठे दुखतं?"



तूवा खुर्चीवर चढून उभी राहिली आणि तिने बापाच्या कपाळावर बोट टेकवलं.