चुगलीताई

घरामागच्या स्विमिंग पूलच्या तळाशी फिरणाऱ्या सफाईयंत्राला लेकीनं नाव ठेवलं होतं, चुगलीताई. पोरगी चिखलाच्या पायांनी उडी मारायची आणि यंत्र लगेच बाबांच्या फोनवर कळवायचं, ‘पाणी गढूळ आहे.’ खिडकीतून बाबा ओरडायचे, “पाय धुतलेस का गं?” “धुतले की!” धादांत खोटं. मग तापाचं निमित्त झालं आणि पोरगी गेली. तेव्हापासून चुगलीताई रोज एकच सांगते, ‘पाणी उत्तम आहे.’ “उत्तम म्हणे!” आज बाबा पुटपुटले. फुलझाडांच्या वाफ्यातला चिखल अनवाणी तुडवून ते इस्त्रीच्या कपड्यांनिशी तसेच पाण्यात शिरले. आई धावत आली. “अहो, वेड लागलंय का?” काठावर ठेवलेला फोन वाजला. ‘पाणी गढूळ आहे.’ बाबांनी विचारलंच, “पाय धुतलेस का गं?” आई काठावर टेकली आणि पोरीसारखंच धादांत खोटं बोलली, “धुतले की!”