दहा मोजेपर्यंत

खुर्चीच्या हातात ‘टुक’ असा बारीक आवाज झाला आणि घरातली सामसूम मोडली. लगेच खुर्ची मोजू लागली, “दहा... नऊ...”

“शालू, पळत ये!” केतकी ओरडली.

घरात धूर झाला की तिची चाकांची खुर्ची दहा अंक मोजते, पट्टा आवळते आणि तिला दाराबाहेर नेते. मध्येच थांबवायची सोय नाही, कारण गुदमरलेल्या माणसाला काय सुधरणार? खुर्चीला फक्त आपल्यावर बसलेलं माणूस कळतं. पहिल्या वेळी ती एकट्या केतकीला घेऊन गेली, तेव्हा शालू पलंगाखाली लपून बसली होती. तेव्हापासून मायलेकींचा नियम ठरला, टुक वाजलं की मांडी गाठायची.

“चार... तीन...”

साबणाच्या हातांनी शालू मोरीतून धावत आली आणि दोनाला मांडीवर आदळली. खुर्ची दोघींना घेऊन थेट अंगणात थांबली.

आतून सासूबाई ठसकत म्हणाल्या, “अगं, आग नाही! शालूची दृष्ट काढली, मिरच्या तव्यावर टाकल्या. एवढा ठसका लागला, म्हणजे दृष्ट नव्हतीच हो!”

“मग आता या खुर्चीची काढा,” केतकी हसली, पण लेकीभोवतीची मिठी काही सुटेना.

शालू खाली बघत होती. तिच्या पायांचे अंगठे फरशीला टेकत होते. दिवाळीत टेकत नव्हते.

“आई, मी मोठी झाले, मांडीत मावले नाही, की तू एकटीच जाणार?”