दीड हात ओटा

नव्या गाडीतून सखुबाईला काय काय मिळणार, ते हितेश आठवडाभर आईला ऐकवत होता. सात माणसं ऐसपैस बसतात. दार उघडलं की पायरी आपोआप बाहेर येते, गुडघ्यांना त्रास नाही. सीट गार होते, वर पाठही चेपून देते. खड्ड्यातून गेली तरी पेल्यातलं पाणी हलत नाही. त्याने इंजिनाची ताकद पाहिली, डिकीत किती पिशव्या मावतात तेही पाहिलं. कोपर गावातली आपली गल्ली मोजायची तेवढी राहिली.

गाडी आली आणि दारापासून चार पावलांवर अडली. अडली ती सखुबाईच्याच ओट्याला.

आता, नवी गाडी स्वतःच्या दारात उभी राहून घरातल्या मोठ्या माणसाच्या हातचा नारळ फुटल्याशिवाय गाव तिला तुमची म्हणत नाही. नाक्यावर पुजलेली गाडी म्हणजे भाड्याची. हितेशला हे ठाऊक होतं, आणि गल्लीच्या तोंडाशी जमलेल्या चुलत्यांना त्याहून जास्त. एकाने तर गाडी पालखीसारखी उचलून आणायची तयारी दाखवली.

हितेश आईजवळ उकिडवा बसला. "दीडच हात कापायला लागेल, आई. राहिलेल्या भागावर तू बसशीलच की."

"आन शेवंती?"

शेवंती शेजारीण. चाळीस वर्षं दुपारची भांडी आवरली की दोघी ओट्यावर समोरासमोर यायच्या. सखुबाई भिंतीकडे, शेवंती गल्लीकडे. ओटा सखुबाईच्या नवऱ्याने, काळुरामने, स्वतः बांधलेला, मिठागरातलं काम सुटलं त्या साली. "बोलाया कोन तरी लागंल तुला," म्हणत बायकोसाठी त्याने तो दोघींपुरता रुंद धरला. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

सखुबाईने गल्लीकडच्या फरशीवरून हात फिरवला. बसून बसून ती गुळगुळीत झाली होती. मग ती उठली.

"तोड. नाय तं गाव हसंल तुला."

तासाभरात काम झालं. गाडी दारात लागली, नारळ फुटला, पेढे चुलत्यांनीच संपवले.

दुसऱ्या दुपारी हितेश जेवून बाहेर आला. गाडीत एसी सुरू होता. मागच्या पांढऱ्याशुभ्र चामड्याच्या सीटवर आई आणि शेवंती पाय पोटाशी घेऊन समोरासमोर बसल्या होत्या. मधे सूप. सुपातला सुका जवळा निवडत दोघी कुणाच्या तरी सुनेवर आल्या होत्या.

"आई, अगं इथे?"

"मंग कुठं?" सखुबाईने मानही वर केली नाही. "ओटा व्हता तीच जागा हाय. जरा उंच झाली, इतकंच."

ओटा काळुरामचा गेला. जवळ्याचा वास हितेशच्या वाट्याला आला. ठाण्यात मोठ्या लोकांना भेटायला जाताना तो अजून चारही काचा खाली करून जातो.