राणीची तालीम

"महाराज, दया करा! मी काही केलं नाही, महाराज!"

भिंतीपलीकडून शामलाची किंचाळी आली आणि इंदुताईंनी नाक मुरडलं. छे! आवाज नुसता गळ्यातून येऊन राहिला होता, पोटातून नाही. मागोमाग काहीतरी धप्पकन पडलं. तेही वाईटच. राणी अशी पोत्यासारखी पडते होय?

इंदुताईंना कळणारच. खापरखेड्याच्या कॉलनीत असताना गणपतीच्या नाटकांत मरायची कामं त्यांच्याकडेच असायची. आता नवऱ्यानं हुडकेश्वरला घर घेतलं. पण इथे आजूबाजूला काय? तुरीची वावरं, आणि भिंतीला भिंत लागून दोनच घरं. नशीब, शेजारी मनोहररावांसारखा लेखक माणूस होता. नाहीतर उन्हाळ्याच्या दुपारी जायच्या कशा?

मनोहरराव शहरात सदर भागातल्या कचेरीतून रजा काढून आपली कादंबरी दुरुस्त करत होते. भोसल्यांचा काळ, सीताबर्डीची लढाई. दुरुस्त करत होते म्हणजे काय, बसत होते. पेन धुवायचे, शाई भरायचे, कूलरमध्ये पाणी ओतायचे. लिहिलेलं खोडायचे, खोडलेलं पुन्हा लिहायचे. परसात संडासाच्या टाकीसाठी खणलेला खड्डा आणि ती कादंबरी, दोन्ही संक्रांतीपासून जिथल्या तिथे होती. प्रकाशकानं शेवटचा निरोप धाडला होता: पावसाळ्याआधी देत असाल तर द्या, नाहीतर राहू द्या.

पहिल्यांदा किंचाळी ऐकली तेव्हा इंदुताई हातात लाटणं घेऊनच धावल्या होत्या. दार मनोहररावांनी उघडलं. घामानं निथळत होते, हातात कागद.

"राणीचा वध चालू आहे, ताई," ते हसून म्हणाले. "करून पाहिल्याशिवाय मला लिहिताच येत नाही. शामला राणी होते. हो ना गं?"

मागे त्यांची बायको शामला पदर सावरत उभी होती. "हो," ती म्हणाली.

इंदुताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपल्या भिंतीपलीकडे पुस्तक घडतंय! मग ते रोजचंच झालं. ज्या दिवशी पान पुढे सरकायचं नाही त्या दुपारी तालीम. आणि पान तर सहसा सरकायचंच नाही.

एका सकाळी दोघी मुगाच्या वड्या टाकायला बसल्या होत्या.

"लंगडून काहून राहिली वं?" इंदुताईंनी विचारलं.

"पडली."

"पडशीलच! किती सांगितलं तुले, गुडघा नाही टेकवायचा. आधी खांदा, मग कंबर. अन् पोटातून ओरड. काल मेली तू, पण मले काही रडू नाही आलं."

शामला वड्या टाकत राहिली. मग हळूच म्हणाली, "ताई, आज तुम्ही आत येऊन बसता का? तुम्ही असल्या तं बरी होईल तालीम."

"नाही वं बाई! लेखकाची समाधी मोडते. मले इथून सारं ऐकू येते."

"हे पुस्तक लवकर झालं पाहिजे, ताई. पुस्तक झालं का मी सुटली."

"होते वं! राणी मनासारखी मेली का झालंच समज."

त्या दुपारी तालीम सुरू झाली ती काही औरच. आधी पट्ट्याचे सपकारे, मग भांडी घरंगळली, मग भिंतीवर असा दणका बसला की इंदुताईंच्या खोलीतलं कॅलेंडर खिळ्यावरून खाली आलं. अडकित्ता हातातच राहिला. पुन्हा दणका, पुन्हा एक. आणि शामला ओरडली. पोटातून! इंदुताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एवढ्या नाटकांत त्यांना स्वतःलाही असं मरता आलं नव्हतं.

आणि मग पोरीनं सगळी माती केली.

"मा वं! मेली वं मी! धावा गा कोणी!"

इंदुताईंनी कपाळावर हात मारला. भोसल्यांची राणी कधी अशी खेड्यातल्यासारखी ओरडते काय? एवढी मेहनत आणि ऐन मरणात संवाद विसरली! त्यांनी अडकित्त्यानंच भिंत ठोकली.

"महाराज म्हण वं, महाराज!"

पलीकडे सगळं एकदम शांत झालं.

दुसऱ्या दिवशी मनोहरराव स्वतःच पेढे घेऊन आले. दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं.

"संपलं, ताई. अडलेलं प्रकरण रातोरात लिहून काढलं."

"अन् शामला?"

"पहाटेच्या गाडीनं उमरेडला गेली, माहेरी. फार दमली होती हो."

"दमणारच, बिचारी," इंदुताई म्हणाल्या. त्यांना मनापासून बरं वाटलं. सुटली पोरगी एकदाची.

त्याच आठवड्यात परसातला खड्डाही बुजला. मनोहररावांनी मुरूम टाकून, धुम्मस मारून जमीन स्वतःच चोपली. टाकी दुसरीकडे घेऊ, म्हणाले. माणूस एकदा कामाला लागला की असा लागतो, हे इंदुताईंनी नवऱ्याला दोनदा ऐकवलं.

पाऊस लागून बरेच दिवस झाले. शामला अजून माहेरीच होती. एका दुपारी प्रकाशकाकडचा अनंत छापलेले कच्चे कागद घेऊन आला, तर मनोहररावांच्या घराला कुलूप. इंदुताईंनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं.

"तू वाचलं का गा पुस्तक?"

"दोनदा, ताई. तपासायचं कामच माझं आहे."

"मग राणीचा वध कसा उतरला, सांग! तिले मरायचं मीच शिकवलं होतं." इंदुताईंचा ऊर भरून आला. "रोज दुपारी करून पाहायचे दोघं. 'महाराज, दया करा' म्हणे, तो सीन!"

अनंतनं पेला खाली ठेवला आणि भिजू नये म्हणून पिशवी मांडीवर घेतली.

"कोणती राणी, ताई? तोफा आहे, घोडे आहे, शिपाई आहे. पण पूर्ण पुस्तकात बाई एकही नाही."