चतुर्थीची सही

डॅरलने खुर्ची पुसून पुढे केली आणि चहा घेणार का म्हणून विचारलं, तेव्हाच रविंद्रच्या मनात पाल चुकचुकली. एरवी हा माणूस गिऱ्हाइकाला उभ्या उभ्या वाटेला लावायचा. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबा शहराच्या बाहेर, शेतांच्या कडेला त्याचं वर्कशॉप होतं. ट्रॅक्टर आणि कापणीची यंत्रं तिथे दुरुस्तीला यायची. रविंद्रची मुलगी मिताली तिथे अप्रेंटिस म्हणून लागली होती आणि आज सकाळीच तिला कामावरून कमी केलं होतं. मुलीला न्यायला आलोय असं रविंद्रने सांगितलं खरं, पण आला होता तो तिच्यासाठी हातापाया पडायला.

डॅरलने आढेवेढे घेतले नाहीत. पोरीच्या कामात काही खोट नाही, म्हणाला. पण कोविडमुळे सुटे भाग बंदरातच अडकून पडतात, यंत्रं अर्धवट उघडी राहतात आणि आणखी एक पूर्ण पगार त्याला झेपत नाही. आता सरकारने नवी मदत जाहीर केली होती. जो नवा अप्रेंटिस लागेल त्याचा अर्धा पगार सरकार देणार, मात्र तो ऑक्टोबरपासून पुढे लागलेला हवा. मितालीची करारावरची सही ऑगस्टची. आधीची मदत जुन्या मुलांसाठी होती, तिच्यात ती बसत नव्हती, आणि या नव्या मदतीतही बसत नव्हती. म्हणून प्रोबेशन संपायच्या आत तिला सोडायचं आणि सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी घ्यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

रविंद्रने एक शक्कल सुचवली. तिची ही सही रद्द करा आणि तिलाच उद्या नव्याने घ्या. हॉस्पिटलचे कम्प्युटर सांभाळणाऱ्या रविंद्रला बंद करून पुन्हा चालू करणं सुचणारच. डॅरलने तेही विचारून पाहिलं होतं. मालक तोच आणि मुलगी तीच, मग ती नवी कशी, असं त्याला सरकारी कचेरीतून फोनवर ऐकवलं गेलं होतं.

"मी तुला म्हटलं होतं, मेट," डॅरल टेबलाकडे बघत म्हणाला. "घाई नाही. ऑक्टोबरमध्ये कापणी सुरू होईल, तेव्हा पाठव तिला."

म्हटलं होतं. घाई रविंद्रची होती.

मिताली युनिव्हर्सिटी सोडून हातात पाना-पक्कड घेणार हे कळल्यावर तो तिच्याशी धड बोलत नव्हता. पुण्यातल्या भावालाही त्याने पत्ता लागू दिला नव्हता. मग त्याचं मन वळलं, आणि असं वळलं की सगळं आपणच करायला निघाला. यंदा गणपती गेले की पितृपक्ष, त्याला लागून अधिक महिना. नव्या कामाला हात घालायचा तर मग थेट नवरात्रात. तोवर आपलंच मन पुन्हा फिरेल अशी त्याला धास्ती वाटली. देवाला वर्षातून एकदा ओळख दाखवणाऱ्या या माणसाने ऑगस्टमधल्या गणेश चतुर्थीचाच दिवस धरला. गणपतीपुढे नारळ ठेवून तो मितालीला स्वतः इथे घेऊन आला, डॅरलला मोदक खायला घातले, सही करतानाचा तिचा फोटो काढून पुण्याला पाठवला. लेकीच्या कामाला बापाने लावलेला तो पहिला हात. त्याच हाताने तिच्या तोंडचा घास काढला होता. गावातल्या बाकीच्या वर्कशॉपनी मुलगी म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं होतं.

निघताना डॅरलने हात पुढे केला, मग आठवण होऊन कोपर पुढे केलं. रविंद्रने कोपराला कोपर लावलं.

बाहेर मितालीने हत्यारांची लोखंडी पेटी एकटीने उचलून डिकीत ठेवली. ती पुढे येऊन बसली. तिच्या नखांत ग्रीस होतं. वर्कशॉप मागे पडलं.

"डॅरलने तुला कारण सांगितलं?" रविंद्रने विचारलं.

"हो."

"तारखेचं?"

"हो, बाबा. इट्स फाइन."

माफी मागावी म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच्या बायकोचा, विनीताचा फोन आला. गाडीच्या स्पीकरवर तिचा आवाज घुमला. काय झालं, डॅरल काय म्हणाला, हे ती विचारत होती. रविंद्रने घसा खाकरला, पण मितालीने त्याच्याकडे न बघताच त्याला थांबवलं.

"आई, डॅरलने नाही काढलं. मीच सोडलं," ती म्हणाली. "नाही होत माझ्याच्याने. सगळं खूप हेवी असतं गं तिथे."

पलीकडे विनीताने सुस्कारा टाकला. मुलीच्या जातीला हे झेपणारं नाही असं तिचं पहिल्यापासून म्हणणं होतं, ते तिने आता पुन्हा सांगितलं. फेब्रुवारीत युनीला परत जाता येईल, असंही म्हणाली. ती फार रागावली नव्हती. तिला वाईट वाटत होतं ते नवऱ्यासाठी.

"बाबांनी किती हौसेने दिवस बघून दिला होता तुला. त्याचा तरी मान ठेवायचा होतास."

रविंद्रने स्टिअरिंग घट्ट धरलं. समोरचा रस्ता त्याला दिसेनासा झाला होता.

"सॉरी, आई," मिताली म्हणाली. "माझंच चुकलं."