तीन झुरके

बारा वर्षांची सीरीन मैत्रिणीच्या गच्चीवर हुक्का ओढताना सापडली आणि तिचा बाप फव्वाझ पिसाळला. “कुणी शिकवलं हिला? त्याचे हात नाही छाटले तर नावाचा फव्वाझ नाही!” अख्ख्या अम्मानच्या हुक्केवाल्यांचा त्यानं उद्धार केला.

बायको हैफा उठून आत गेली. तिनं त्याचा संध्याकाळचा हुक्का भरून पुढ्यात ठेवला. “सीरीन, दे गं बाबांना पेटवून. रोज देतेस तसा.”

डोळे पुसत पोरीनं निखारा ठेवला, तीन झुरक्यांत धूर काढला आणि नळी बापाच्या हाती दिली.

“दोन वर्षं कानीकपाळी ओरडतेय, हे काम पोरीला सांगू नका.” हैफानं मटण तोडायचा सत्तूर त्याच्यापुढे आपटला. “बोला, डावा आधी की उजवा?”