पायरीवरची वाळू

पायरी स्वच्छ झाडून झाल्यावर तिने किनाऱ्यावरून आणलेली मूठभर वाळू पुन्हा तिथेच भुरभुरवली.

“झालं का?” नवरा बागेतून म्हणाला. “बाईंची गाडी येईलच आता.”

“छोटी खोली राहिलीय.”

त्याने झारी उचलली. छोट्या खोलीचं नाव निघालं की त्याला झाडांना पाणी घालायची आठवण होई. पुरुषांचं काळीजच दगडाचं, असं मनात म्हणत ती जिना चढली.

बाई राहायच्या दुसऱ्या देशात. इथे त्या वर्षातून एकदा सुट्टीला येत, एरवी घर ही दोघं सांभाळत. गाद्यांना ऊन दाखवणं, फ्रिज चालू करणं, नळाचं गढूळ पाणी सोडून देणं, ही कामं तिच्या हातचा मळ होती. छोट्या खोलीत मात्र तिचा हात जड होई. समोरच्या समुद्राने पोर नेलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. अशा आईला रिकामं घर खायला उठतं. म्हणून बाई यायच्या आधी ती सगळं असं मांडून ठेवी, जणू पोर आत्ताच पोहून आलंय.

उशी भिंतीकडे, कारण कडेला झोपायला तो घाबरायचा. निळी चड्डी ओली करून कठड्यावर. तिची शिवण दोनदा उसवली होती, दोन्ही वेळा टाके हिनेच घातले होते.

“यंदा राहू दे ना,” नवरा दारातूनच म्हणाला.

“तुम्हाला काय कळणार आईचं दुःख?”

त्याने मान खाली घातली.

गाडी आली. बाई एकट्याच उतरल्या. त्यांनी पायरीवरची वाळू पाहिली, कठड्यावरची चड्डी पाहिली आणि तिला मिठी मारून त्या रडू लागल्या. ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

“रडून घ्या, बाई. मी आहे ना.”

मग ती डोळे पुसत चहा टाकायला आत गेली. आपण नसतो तर या बिचारीचं कसं झालं असतं, असं तिला वाटलं.

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येऊ लागला, तशा बाई तिच्या नवऱ्याजवळ गेल्या.

“माझ्या मुलाला याही वर्षी मामाकडे ठेवून आलेय, दादा,” त्या हळूच म्हणाल्या. “गेलेला पोरगा तुमचा होता, हे वहिनींना माझ्यामुळे आठवायला नको.”